विषाणूंचे बदलते वाण आणि पहाऱ्याचा खर्च

१० नोव्हेंबर २०२५ रोजी कॅनडाने गोवरमुक्त राष्ट्र हा आपला दर्जा गमावला. १९९८ पासून तो त्या देशाकडे होता. सरकारी खर्चाने चालणाऱ्या आरोग्यव्यवस्थेचा जेथे अभिमान बाळगला जातो, त्या देशात २०२५ या एका वर्षात पाच हजारांहून अधिक लोकांना गोवर व्हावा ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. शेजारच्या अमेरिकेतही त्याच वर्षी गोवराच्या रुग्णसंख्येने तीन दशकांतील उच्चांक गाठला आणि टेक्सासमध्ये लस न घेतलेली दोन मुले दगावली. तथापि कॅनडाचा दर्जा गेला तो निव्वळ रुग्णसंख्येमुळे नव्हे. गोवराच्या एकाच वाणाची साखळी सलग बारा महिने वा अधिक काळ देशात चालू राहिली, तर रोग तेथे पुन्हा स्थायिक झाला असे मानावयाचे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. प्रवाशाबरोबर विषाणू आला, शंभर-दोनशे जणांना लागण करून विझला, काही महिन्यांनी दुसऱ्या देशातून दुसरा आला, तर दर्जा राहतो. एकच पाहुणा वर्षभर मुक्काम ठोकून बसला, तर तो जातो.

मग ऑक्टोबर २०२४ मधील विषाणू आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरातील विषाणू एकाच कुळीचे आहेत, हे कशावरून ठरवावयाचे? अंगावरचा पुरळ पाहून कोणत्याही डॉक्टरला ते सांगता येणार नाही. ते सांगते विषाणूच्या जनुकांची लिपी. गोवराच्या विषाणूची ही लिपी जवळजवळ १५,९०० अक्षरांची असते आणि तिच्यातील अवघा ४५० अक्षरांचा एक तुकडा जगभरच्या प्रयोगशाळा वाचून एका समाईक नोंदवहीत टिपून ठेवतात. जमिनीच्या वादात तलाठ्याच्या फेरफार नोंदींचे जे स्थान, तेच या वादात त्या ४५० अक्षरांचे.

अशी नोंद उपयोगी पडते, याचे कारण विषाणू बदलतात. बालपणीच्या बहुतेक परिचित दुखण्यांचे विषाणू, मग तो गोवराचा असो, पोलिओचा असो किंवा लहानग्यांना जुलाब-उलट्यांनी हैराण करणारा रोटाव्हायरस असो, आपली जनुके आर.एन.ए. नावाच्या रेणूवर लिहितात. कचेरीत एक कारकून नक्कल उतरवितो आणि दुसरा ती मूळ प्रतीशी ताडून पाहतो. मनुष्याच्या पेशीत अशी दुहेरी व्यवस्था आहे. या विषाणूंच्या नकलखान्यात मात्र ताडून पाहणारा कारकून नाही. त्यामुळे दर काही नकलांमागे एखादे अक्षर चुकते. बहुतेक चुका निरर्थक असतात, काही विषाणूलाच मारक ठरतात आणि एखादी त्याच्या पथ्यावर पडते. निरर्थक चुकाही वाया जात नाहीत. त्या पुढच्या पिढ्यांत जशाच्या तशा उतरत असल्याने कोणता विषाणू कोणाचा वंशज, हे त्यांच्यावरूनच ओळखता येते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. विषाणू बदलतो, म्हणून लस निकामी होते, म्हणून रोग परततो, अशी एक सोपी साखळी कोविडच्या काळापासून सुशिक्षितांच्याही मनात बसली आहे. गोवराच्या बाबतीत ती साफ चुकीची आहे. गोवराच्या विषाणूचे चोवीस जनुकीय प्रकार नोंदले गेले. त्यांपैकी अलीकडच्या काळात बी-३ आणि डी-८ हे दोनच फिरताना आढळतात. परंतु पेशीत शिरण्यासाठी लागणारा त्याच्या अंगावरचा भाग म्हणजे कुलपाची किल्लीच होय. त्या किल्लीचे दाते फारसे बदलले तर ती कुलपात शिरतच नाही. म्हणून चोवीस प्रकार झाले तरी शरीराच्या संरक्षक दलाच्या दृष्टीने गोवर एकच राहिला. १९५४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका शाळकरी मुलाकडून मिळविलेल्या विषाणूपासून गोवराच्या लसीचे जे घराणे सुरू झाले, त्याच घराण्यातील लस पुण्यात तयार होते आणि ती सत्तर वर्षांनंतरच्या गोवरालाही तितक्याच समर्थपणे अडविते.

गोवराचा इतिहास या लिपीनेच उलगडला. बर्लिनच्या एका वैद्यकीय संग्रहात १९१२ मध्ये गोवराने दगावलेल्या एका बालिकेचे फुप्फुस जपून ठेवलेले होते. त्यातील विषाणूची लिपी वाचून २०२० मध्ये संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की गुरांच्या बुळकांडी रोगाच्या विषाणूपासून गोवराची शाखा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारास फुटली असावी. मोठी नगरे वसू लागण्याचा तोच काळ. ज्याला एकदा झाला त्याला पुन्हा न होणारा रोग टिकून राहावयाचा तर दर वर्षी पुरेशी नवी बालके जन्माला येणारी काही लाखांची वस्ती लागते. बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाली. तिच्याच पोटी आलेला गोवर मात्र माणसांत राहिला, आणि तो राहिला यात विषाणूच्या चातुर्याचा वाटा थोडा आहे.

मुंबईत २०२२ च्या उत्तरार्धात गोवंडीच्या वस्त्यांत आणि पाठोपाठ भिवंडी-मालेगावसारख्या शहरांत गोवराची जी साथ आली, तिच्यात बालके दगावली. तेव्हाही ‘नवा विषाणू आला काय’ अशी कुजबुज झालीच. विषाणू जुनाच होता. कोविडच्या दोन वर्षांत लसीकरणाच्या यादीतून मुले गळली होती, आणि ज्या घरांना भाडे परवडत नाही म्हणून दर काही महिन्यांनी खोली बदलावी लागते, त्या घरांतली मुले मुळात यादीत आलीच नव्हती. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील एक ते दोन वर्षांच्या बालकांपैकी सुमारे ७३ टक्केच पूर्ण लसीकरण झालेली आढळली. देशाची सरासरी ७६ होती. गोवराला रोखावयाचे तर शंभरातील पंचाण्णव मुले दोन्ही मात्रा घेतलेली लागतात. प्रगत म्हणविणाऱ्या राज्याने देशाच्या सरासरीच्याही मागे असावे, याचा दोष कोणत्याही जनुकावर टाकता येणार नाही.

रोटाव्हायरसची कथा निराळी आहे आणि आपल्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. १९७३ मध्ये मेलबर्नच्या बालरुग्णालयात रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसाराने आजारी मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली चाकासारखे दिसणारे कण पाहिले. चाकाला लॅटिनमध्ये ‘रोटा’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. (संस्कृतातील ‘रथ’ याच शब्दाचा दूरचा भाऊ, हे भाषेच्या शिक्षकांना सांगावयास नको.) हा विषाणू इतका सर्वव्यापी की पाच वर्षांचे होईपर्यंत जगातील जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो, मग ते मूल न्यूयॉर्कचे असो वा नंदुरबारचे. आजारी मुलाच्या एक ग्रॅम विष्ठेत त्याचे अब्जावधी कण असतात आणि लागण होण्यास शंभराच्या आतले कणही पुरतात. त्यामुळे नळाच्या शुद्ध पाण्याने हगवण-पटकी जशी हटते तसा हा हटत नाही. फरक पडतो तो पुढे. न्यूयॉर्कचे मूल दोन दिवस रुग्णालयात राहून घरी जाते. नंदुरबारचे मूल, वाटेत गाडी मिळाली नाही तर, शरीरातील पाणी संपून मरते. लसीकरण सुरू होण्यापूर्वीच्या एका अंदाजानुसार भारतात दर वर्षी सुमारे ७८ हजार बालके या एका विषाणूने मरत होती आणि आठ लाखांहून अधिक रुग्णालयात दाखल होत होती. दुसरे अंदाज याहून कमी वा अधिक आहेत. पण कमीत कमी धरला तरी तो हजारांच्या दहापटीत जातो.

हा विषाणू दोन मार्गांनी बदलतो. नकलेतल्या चुका त्यातही होतातच. परंतु त्याची जनुके एका सलग दोरीवर नसून अकरा सुट्या तुकड्यांत असतात. एकाच मुलाच्या आतड्यातील एकाच पेशीत दोन निरनिराळे वाण शिरले, तर बाहेर पडणाऱ्या संततीत दोघांचे तुकडे हवे तसे मिसळतात. पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावे तसे. अकरा तुकडे आणि प्रत्येकाचे दोन पर्याय, म्हणजे दोनाचा अकरावा घात: मूळचे दोन धरून २,०४८ जोडण्या शक्य होतात. त्यांतील फारच थोड्या टिकतात, हे खरे. पण दर वर्षी कोट्यवधी मुले आजारी पडत असताना ‘फारच थोड्या’ याही पुष्कळ होतात. विषाणूच्या बाहेरील आवरणातील दोन प्रथिनांवरून त्याला नाव दिले जाते, एकाचा ‘जी’ क्रमांक आणि दुसऱ्याचा ‘पी’ क्रमांक. जी-१ पी-८, जी-२ पी-४, जी-९ पी-८ अशी ही नावे. १९९० नंतरच्या दशकात जी-९ जगभर पसरला, त्याच्यामागून जी-१२ आला आणि २०१३ च्या सुमारास घोड्याच्या विषाणूशी नाते सांगणारा जी-३ जपान, ऑस्ट्रेलिया व युरोपात दिसू लागला.

जनावरांशी असलेले हे नाते भारताच्या कामी आले, तो प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९८५-८६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत महाराज किशन भान आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले की तेथील नवजात बालकांना रोटाव्हायरसची लागण झाली आहे, पण जुलाब मात्र नाहीत. पुढे या बालकांवर लक्ष ठेवले असता त्यांना रोटाव्हायरसचा गंभीर आजार इतरांपेक्षा कमी झाला. त्या विषाणूची जनुके तपासली तेव्हा अकरांपैकी दहा तुकडे माणसाच्या विषाणूचे आणि एक गुरांच्या विषाणूचा निघाला. गोठा आणि पाळणा एका छपराखाली असणाऱ्या देशात निसर्गानेच पत्ते पिसून एक सौम्य वाण तयार केले होते. या वाणापासून शासनाचा जैवतंत्रज्ञान विभाग, हैदराबादची भारत बायोटेक कंपनी आणि परदेशी संस्था यांच्या सहकार्याने ‘रोटाव्हॅक’ ही लस बनली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचा वढू परिसर येथील ६,७९९ बालकांवर तिची चाचणी झाली. एका मात्रेची किंमत एका डॉलरच्या घरात ठेवण्याचे कंपनीने आधीच मान्य केले होते. मार्च २०१६ मध्ये चार राज्यांत तिचा सरकारी कार्यक्रमात समावेश झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने गुरांच्या विषाणूवर माणसाच्या पाच वाणांची जनुके चढवून, शीतपेटीबाहेरही टिकणारी ‘रोटासील’ ही दुसरी लस काढली. २०१९ पर्यंत या दोन लसींच्या आधारे कार्यक्रम देशभर पोहोचला. विष्ठेचे नमुने जपून ठेवण्याच्या रटाळ कामातून तीस वर्षांनी एवढे फळ निघाले.

फळ गोड आहे, पण अर्धेच. चाचणीत रोटाव्हॅकने गंभीर आजार सुमारे ५५ टक्के टाळला. प्रत्यक्ष कार्यक्रमात २०१६ ते २०२० या काळात नऊ राज्यांतील रुग्णालयांतून जी पाहणी झाली तिच्यातही आकडा ५४ च्या आसपासच आला. अतिसाराने रुग्णालयात येणाऱ्या मुलांत रोटाव्हायरसचे प्रमाण या काळात जवळजवळ निम्म्यावर आले. रोटासीलने आफ्रिकेतील नायजरमध्ये ६७ टक्के संरक्षण दिले आणि भारतातील चाचणीत ३६. श्रीमंत देशांत तोंडाने द्यावयाच्या अशाच लसी ८०-९० टक्के काम करतात. कुपोषण, सतत जंतुसंसर्गाने झिजलेले आतडे, आईकडून आलेली प्रतिपिंडे अशी अनेक कारणे यामागे सांगितली जातात. यावरून ‘ही लस निम्मीच, मग कशाला’ असे म्हणणारे निघतात. त्यांनी साधा हिशेब करून पाहावा. समजा, एका देशात दर दहा हजार बालकांमागे वीस मृत्यू या रोगाने होतात आणि दुसऱ्या देशात एक. पहिल्या देशात ५५ टक्क्यांची लस अकरा जीव वाचविते. दुसऱ्यात ९० टक्क्यांची लस एकही पूर्ण वाचवीत नाही. जेथे रोगाचा भार मोठा, तेथे अपुरी लसही मोठी असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भारतात लस येण्याच्या सुमारास आणि त्यानंतर जी-१ पी-८ हा पूर्वीचा प्रमुख वाण मागे पडून जी-३ पी-८ पुढे आला. हा लसीचा परिणाम आहे काय? लसीने एका वाणाची वाट अडविली म्हणून दुसऱ्याला रान मोकळे मिळाले काय? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. २००६ मध्ये ब्राझीलने एका वाणाची लस सुरू केली आणि लगेच जी-२ पी-४ चे प्रमाण वाढले. लस चुकली, असा गवगवा झाला. पुढे लक्षात आले की ज्या शेजारी देशांत लस दिलीच गेली नव्हती तेथेही तोच वाण वाढला होता. वाणांची ही चढउतार लसीआधीही चालूच होती. शिवाय एका वाणाची लस इतर वाणांनाही बऱ्याच अंशी अडविते, हे रोटाव्हॅकच्या बाबतीतही दिसून आले आहे. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु निश्चिंत राहण्याचेही नाही, कारण लसीचा परिणाम आणि विषाणूची स्वाभाविक चढउतार यांना वेगळे करावयाचे तर लसीआधीची आणि नंतरची अनेक वर्षांची अखंड आकडेवारी हवी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे पटकन समजेल. आधारवर्षाशिवाय किंमतींचा निर्देशांक काढता येत नाही.

असे आधारवर्ष आपल्याकडे आहे, हे आपले भाग्य. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००५ मध्ये रोटाव्हायरसवर नजर ठेवणारे जाळे उभारले. त्यात पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थाही होती. अतिसाराने दाखल झालेल्या दर शंभर मुलांपैकी ३९ रोटाव्हायरसची असतात, हे या जाळ्यानेच दाखविले आणि लसीकरणाच्या निर्णयामागचा तो सर्वांत भक्कम आधार ठरला. किंबहुना हे जाळे नसते, तर लस नुसती कारखान्यात तयार होऊन राहिली असती.

अशा पहाऱ्याचे पैसे कोण देणार? पाठ्यपुस्तकात सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपगृह दिलेले असते. प्रकाश सर्व जहाजांना मिळतो, कोणालाही वगळता येत नाही, म्हणून कोणीही आपण होऊन पैसे देत नाही आणि बाजार दीपगृह बांधीत नाही. विषाणूंवरील पहारा हे हुबेहूब तसेच दीपगृह आहे. लस विकता येते, सलाईन विकता येते, प्रतिजैविके तर खपविताच येतात, मग ती विषाणूवर चालोत वा न चालोत. वाणांची नोंदवही कोणाला विकणार? आणि विकता येत नाही ते महत्त्वाचे नसते, ही समजूत गेल्या काही दशकांत अंदाजपत्रके तयार करणाऱ्यांतही रुजली आहे.

जागतिक पातळीवर याचे प्रत्यंतर २०२५ मध्ये आले. गोवर व रुबेला तपासणाऱ्या सातशेहून अधिक प्रयोगशाळांचे जागतिक आरोग्य संघटनेचे जाळे सर्वस्वी अमेरिकेच्या पैशावर चालत होते. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, आर्थिक मदत गोठविली, आणि मार्चमध्ये हे जाळे बंद पडण्याच्या मार्गावर असल्याचे संघटनेच्या प्रमुखांना जाहीरपणे सांगावे लागले. ज्या वर्षी कॅनडाला त्या ४५० अक्षरांनी निकाल दिला, त्याच वर्षी ती अक्षरे वाचणाऱ्यांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. एका धनको राष्ट्राच्या मर्जीवर सर्व जगाचे दीपगृह चालू ठेवण्यात धोका आहे, हे अमेरिकेत सत्तांतर होईपर्यंत कोणाच्या लक्षात येऊ नये, याचे नवल वाटते.

भारताने या बाबतीत परावलंबी राहण्याचे वस्तुतः कारण नाही. पोलिओच्या वेळी आपण पहारा कसा ठेवावयाचा हे जगाला दाखविले. अचानक लुळ्या पडलेल्या प्रत्येक मुलाची तपासणी होत होती आणि मुंबईच्या सांडपाण्यात २००१ पासून पोलिओचा विषाणू शोधला जात होता. जानेवारी २०११ मध्ये शेवटचा रुग्ण सापडला. त्यानंतरही तपासणी थांबली नाही, म्हणूनच २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचा निर्वाळा देता आला. कोविडच्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, जनुकवाचन करणाऱ्या प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ हा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. पुण्यातील संस्थांनी त्यात मोठा भार उचलला. यंत्रे विकत घेतली गेली, माणसे शिकली. साथ ओसरल्यावर अशा यंत्रांचे काय होते, हे सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. देखभालीचा करार संपतो, रसायनांची मागणी वित्त विभागात अडकते आणि कंत्राटावरचा तंत्रज्ञ खासगी नोकरीत जातो. ही यंत्रे बालरोगांच्या विषाणूंच्या नित्य वाचनाला लावण्यास नवा भांडवली खर्च फारसा लागत नाही. लागतो तो आवर्ती खर्च, आणि आवर्ती खर्चाचे उद्घाटन करता येत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडचा जादा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो प्रामाणिक आहे. ज्या देशात मुलाला वेळेवर मीठ-साखरेचे पाणी मिळत नाही, त्या देशाने जनुकांची अक्षरे वाचीत बसावे काय? जलसंजीवनीचे सामर्थ्य १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सिद्ध केले. विषाणू कोणत्याही वाणाचा असो, शरीरातील गेलेले पाणी भरून काढण्याचा हा उपाय जुना होत नाही. तरीही पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच ती मिळाल्याचे आढळले आणि जस्ताच्या गोळ्या तर जेमतेम ३० टक्क्यांना. हा आक्षेप म्हणूनच उडवून लावता येणार नाही. जलसंजीवनीची पुडी प्रथम, याबद्दल दुमत नसावे. परंतु ही निवड ‘पुडी की प्रयोगशाळा’ अशी मांडणे हेच चुकीचे आहे. दोन्हींचा मिळून खर्च एखाद्या मध्यम उड्डाणपुलाशी ताडून पाहिला, तर निवड कोणत्या दोन गोष्टींत आहे ते उमजेल. शिवाय पुडी मुलाला वाचविते, पण पुढच्या वर्षी दोन लसींपैकी कोणती घ्यावी, मात्रांचे वेळापत्रक बदलावे काय, हे ती सांगत नाही. देशातील काही राज्यांत एक लस आणि काही राज्यांत दुसरी दिली गेली आहे. कोणत्या वाणावर कोणती अधिक चालते, हे पडताळण्याची अशी संधी इतर देशांना क्वचितच मिळाली असेल.

पहाऱ्याची दुसरी बाजू आहे ती मुलांच्या यादीची. तेथे प्रयोगशाळेपेक्षा अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि शाळेचा हजेरीपट अधिक कामाचा. एका वर्गातील पाच मुले एका आठवड्यात ताप-पुरळाने गैरहजर राहिली, तर ती बातमी आज बहुधा वर्गशिक्षकाच्या वहीतच राहते. ती प्राथमिक आरोग्य केंद्राकडे त्याच दिवशी जावी, एवढ्यासाठी कोणताही नवा विभाग लागत नाही. एकही लस न मिळालेल्या मुलांची संख्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार देशात २०२३ मध्ये सुमारे १६ लाख होती. ती २०२४ मध्ये सुमारे ९ लाखांवर आली. सुधारणा खरी आहे. उरलेली नऊ लाख मुले मात्र कोठे आहेत, हे राज्याच्या सरासरीत दिसत नाही. ती ऊसतोडीच्या फडांवर, वीटभट्ट्यांवर आणि महानगरांच्या कडेच्या वस्त्यांत विखुरलेली असणार, आणि गोवराचा विषाणू त्यांना यादीच्या आधी शोधून काढतो.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने गोवर-रुबेला निर्मूलनाची मोहीम जाहीर केली आणि २०२६ चे उद्दिष्ट ठरविले. पहिल्या मात्रेचे प्रमाण ९३.७ टक्के आणि दुसरीचे ९२.२ टक्के असल्याचे सरकारी आकडे सांगतात. म्हणजे पंचाण्णवाचा उंबरठा दृष्टिपथात आहे. परंतु निर्मूलन झाले हे केवळ आपल्या म्हणण्यावर मान्य होत नाही. स्थानिक वाणाचा शेवटचा रुग्ण सापडल्यानंतर किमान ३६ महिने त्याची साखळी कोठेही चालू नाही, हे दाखवून द्यावे लागते. त्या ३६ महिन्यांत ताप-पुरळाचा प्रत्येक संशयित रुग्ण तपासला जावा लागेल आणि जो गोवराचा निघेल त्याचा वाण बाहेरून आलेला की घरचा, हे लिपीवरून ठरवावे लागेल. त्यातील एखाद्या तिमाहीत जिल्ह्याच्या ठिकाणाहून नमुने निघालेच नाहीत, किंवा निघाले पण प्रयोगशाळेत रसायने नव्हती, तर त्या तिमाहीत विषाणू कोठे होता याचे उत्तर नंतर कितीही पैसे ओतले तरी मिळणार नाही.